अद्भुताची एस.टी.

मराठीच्या प्राध्यापिकेला तिच्या आवडीनिवडी विचारणारा माणूस उत्तर मनात ठरवूनच आलेला असतो, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, फार तर मर्ढेकर आणि जी. ए.; संगीतात नाट्यगीते; आणि चित्रपटाचे विचारलेच तर 'श्यामची आई'. एवढी यादी म्हणून दाखविली की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि आपल्यालाही चहा लवकर मिळतो. ही सारी मंडळी मला प्रियच आहेत. त्यांच्यावर माझी चूल चालते. त्यांच्याविषयी वावगा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही.

परंतु दिवाळी अंकाचे वाचक म्हणजे घरचीच माणसे. फराळाचे ताट पुढ्यात असताना आडपडदा कशाला ठेवायचा? तेव्हा सांगून टाकते: मला जपानी चलत्‌चित्रपट आवडतात. होय, तेच, आपली मुले ज्यांना 'ॲनिमे' म्हणतात आणि आपण 'कार्टून' म्हणून ज्यांची बोळवण करतो, तेच. मला जादूगारांच्या आणि राक्षसांच्या जाडजूड कादंबऱ्या आवडतात. आणि गाण्यांचा एखादा संच मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये कोणी दार वाजविले तरी न उठता, ऐकते. आमच्या स्टाफरूममध्ये हे प्रथम बोलले गेले तेव्हा इतिहासाच्या सरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्ही?" एवढेच ते म्हणाले, पण त्या दोन शब्दांत एक अख्खा अग्रलेख होता.

माझे माहेर शहापूर तालुक्यातले आणि नोकरी मुरबाडला. शहापूर म्हटले की मुंबईकराला माहुलीचा किल्ला आठवतो, नाहीतर कसाऱ्याची लोकल. मुरबाड म्हटले की माळशेज घाटातले धबधबे. दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच, शेजारीशेजारी. पण मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही, म्हणून तिथे जगण्याची गती एस.टी. ठरविते. किन्हवली, सरळगाव करीत माझी गाडी जाते. त्या खिडकीत बसून माझे अर्धे वाचन झाले आहे. त्यामुळे माझ्या आवडींना त्या रस्त्याचा वास लागला असेल तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

आरंभ मोगलीपासून करते. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागू लागले तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. आळीत टीव्ही मोजकेच; ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी आळी. त्या मालिकेच्या शीर्षकगीताचे शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. ती चित्रे जपानी आहेत हे आम्हांला कोण सांगणार? मुळात १९८९ मध्ये जपानात निघालेली ती बावन्न भागांची मालिका होती, हे मला नोकरीला लागल्यावर कळले. आता या गोष्टीची कुंडली मांडून पाहा. तिचा लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील तिथल्या कलाशाळेत शिकवीत. जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचे. पुस्तक इंग्रजी, चित्रे जपानी, बोली हिंदी, वाघाची डरकाळी मराठी माणसाची. आणि ऐकणारी आम्ही शहापूरची पोरे, जिथे तानसाच्या रानात बिबट्या खराच आहे! गोष्टीला सातबाराचा उतारा लागत नाही, हा धडा मी कुठल्याही समीक्षाग्रंथाआधी त्या रविवारी शिकले.

माझ्या मते या जपानी मंडळींत सर्वश्रेष्ठ हायाओ मियाझाकी. १९४१ चा जन्म. म्हणजे आमच्या अण्णांच्या, माझ्या सासऱ्यांच्या, आगेमागेचेच. त्यांचा १९८८ चा 'माझा शेजारी तोतोरो' मी किती वेळा पाहिला याचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही हे बरे. दोन लहान बहिणी, सात्सुकी आणि मेई. आई दूरच्या इस्पितळात आजारी. वडील विद्यापीठात संशोधन करणारे, म्हणजे खिशाने बेताचेच. खेड्यातल्या जुन्या घरात ते राहायला येतात आणि शेजारच्या प्रचंड कापूरवृक्षात राहणारा तोतोरो नावाचा एक गलेलठ्ठ वनदेव मुलींना भेटतो. बस्स. खलनायक नाही, लढाई नाही. आईची चिंता तेवढी सगळ्या चित्रपटभर दारामागे उभी असते.

त्यात एक बसथांब्याचा प्रसंग आहे. रात्र, पाऊस, वडिलांची गाडी आलेली नाही, धाकटी पाठीवर झोपलेली. शेजारी कोणीतरी येऊन उभे राहते. पाहावे तो डोक्यावर एक पान धरून तोतोरो! आता मुरबाडच्या वाचकाला यात नवल ते काय वाटणार? बांबूच्या कामट्यांचे, पळसाच्या पानांनी शिवलेले इरले पांघरून आवणीला वाकलेली माणसे त्याने पाहिलेली असतात. थोरली मुलगी त्या वनदेवाला वडिलांची छत्री देते, आणि छत्रीवर थेंब वाजतात म्हणून तो आनंदाने थरारून जातो. मग त्याची गाडी येते. ती गाडी म्हणजे एक बारा पायांचे मांजर! पुढे धाकटी हरवते तेव्हा त्या मांजरगाडीच्या पाटीवर गावाचे नाव पुसले जाऊन हरवलेल्या मुलीचे नाव येते. टोकावडे, धसई अशा पाट्या पाहत थांब्यावर उभे राहण्यात आयुष्य गेलेल्या मला त्या पाटीने जे रडविले आहे, ते पुष्कळशा शोकांतिकांना साधलेले नाही.

त्यांचाच १९९७ चा 'मोनोनोके हिमे' निराळ्या जातीचा. एकीकडे देवांचे अरण्य, दुसरीकडे लोखंड गाळणारी वसाहत. आपण लगेच वसाहतीच्या मालकिणीला दुष्ट ठरवून मोकळे होऊ पाहतो. पण मियाझाकी तसे होऊ देत नाहीत. त्या बाईने महारोग्यांना आसरा दिलेला आहे, विकल्या गेलेल्या बायकांना काम आणि मान दिलेला आहे. तिला जंगल तोडावे लागते, कारण तिच्या माणसांना जगायचे आहे. हा चित्रपट मला तानसाच्या काठी नेतो. १८९२ साली तानसाचा तलाव पुरा झाला. पुढे भातसा आले. शहापूर तालुक्यातले हे पाणी मुंबईच्या नळाला जाते, आणि उन्हाळा लागला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. मुंबईकर दुष्ट आहे काय? छे! त्याच्या घरी लहान मुले आहेत, त्यांना अंघोळ घालायची आहे. मग पाड्यावरची बाई चुकते काय? हा प्रश्न वर्गात नुसता विचारला तर मुले अर्थशास्त्राच्या सरांकडे बोट दाखवितात. चित्रपट दाखवून विचारला तेव्हा तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

आता थोडे गाण्यांविषयी. आजकाल दूरध्वनीवर गाणी हवी तशी उलटसुलट लागतात. त्यात सोय आहे, पण पंगतीत पहिल्यांदा ताक, मग जिलबी, मग वरणभात वाढावा तसे ते मला वाटते. गाण्यांच्या संचाला क्रम असतो, आणि त्या क्रमात गोष्ट असते. माझ्या आवडीचा पहिला संच गीतरामायण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. शब्द गदिमांचे, स्वर बाबूजींचे. प्रत्यक्ष रामापुढे त्याचेच मुलगे त्याचीच कथा गातात आणि ते आपले पुत्र आहेत हे रामाला ठाऊक नाही, ही कल्पना जगातल्या कुठल्याही अद्भुतकथेने हेवा करावा अशी आहे.

दुसरा संच १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. शब्द एकही नाही. पण काश्मीरच्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात आहे. आरंभीचा अहिरभैरव लागला की मला काश्मीर दिसत नाही, हे मात्र खरे. मला दिसते सिद्धगडाच्या डोंगरावर हळूहळू उजाडताना, आणि गाई सोडायला निघालेला एखादा ठाकर पोरगा. आणि तिसरा संच १९९८ चा 'गारवा', सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा. आमच्या कॉलेजच्या वयाचा तो पाऊस होता. माझी त्याची कॅसेट इतकी झिजली की शेवटी पावसाचा आवाज कुठला आणि टेपची खरखर कुठली हे ओळखू येईना. त्याहून थोर संगीत पुष्कळ आहे, हे मला समजते. पण आवड म्हणजे गुणपत्रिका नव्हे.

कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र मी अधिक हट्टी आहे. टॉल्किन हे ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी भाषा शिकविणारे प्राध्यापक. आपल्याकडे भाषेचा प्राध्यापक फावल्या वेळात व्याकरणाचे मार्गदर्शक लिहितो. या गृहस्थांनी नव्या भाषाच रचल्या आणि त्या बोलणारे कोणी हवे म्हणून एक जग निर्माण केले. १९५४-५५ मध्ये त्यांची मुद्रिकेची कादंबरी तीन खंडांत आली. मुग्धा कर्णिक यांनी ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली, हे आपल्या भाषेवर उपकारच झाले. पण मला मनापासून विचाराल तर मी उर्सुला ल ग्विनचे नाव घेईन. तिची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ ची. तिच्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते, आणि ज्याला ते ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता. तिचा जादूगार नायक तांबूस काळसर वर्णाचा आहे, निळ्या डोळ्यांचा राजपुत्र नव्हे. आणि अखेरीस तो ज्या काळ्या सावलीशी झुंजतो तिला तो स्वतःचेच नाव देतो. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं रात्री सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात." पाहा! आमच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना जे तत्त्व न वाचता ठाऊक आहे, ते आम्ही परक्या ग्रंथात वाचून थक्क होतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो साधा नाही. अण्णा तो रोज रात्री जेवताना घेतात. "सूनबाई, हे सगळं पळणं आहे. जगात एवढी दुःखं असताना भुताखेतांच्या गोष्टी कसल्या सांगता?" आमचे चिरंजीव यंदा दहावीला आहेत आणि बीजगणिताच्या वहीत तलवारी घेतलेले जपानी वीर काढतात, तेव्हा आक्षेपाचा रोख कुणावर असतो हे सांगायला नको. गेल्या जानेवारीच्या आधीच्या जानेवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, युगो साको आणि राम मोहन यांचा जपानी-भारतीय 'रामायण' चित्रपटगृहांत आला. तो मुळातला १९९३ चा. अण्णांना आम्ही कल्याणला घेऊन गेलो. परत येताना गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चित्रं त्यांची, पण राम आपलाच." एवढ्यावर मी जिंकले असे नव्हे. दुसऱ्या दिवशी बीजगणिताच्या वहीची तपासणी झालीच.

अण्णांना माझे खरे उत्तर गुणाढ्याच्या कथेत आहे. मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागले की नाणेघाट लागतो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नर-पैठणकडे चढत असे. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. याच सातवाहन राजाच्या दरबारी, कथासरित्सागर सांगते, गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत येईना. जलक्रीडा करताना राणी म्हणाली, 'पाणी उडवू नका', तर याने 'मोदक' आणविले! गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवितो. दुसरा पंडित म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली, हरला, आणि सर्व शिष्ट भाषांचा त्याग करून रानात गेला. तिथे त्याने पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती पाहिलीही नाही: भाषा पिशाचांची, शाई रक्ताची! तेव्हा गुणाढ्याने अग्नी पेटविला आणि एकेक पान वाचून तो त्यात टाकू लागला. रानातली जनावरे चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून, ऐकत उभी राहिली. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सहा लक्ष श्लोक जळाले होते. एक लक्ष उरले, आणि त्या एका भागावर पुढे सगळ्या भारताचे कथावाङ्मय पोसले.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यात एक गोष्ट अगदी खरी आहे. कमी प्रतिष्ठेच्या भाषेतल्या अद्भुताला दरबारात जागा नसते, आणि दरबार जागा होईपर्यंत बरेच काही जळून गेलेले असते.

आता मूळ मुद्द्यावर येते. २०२५ च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर' मालिकेतला एक मोठा चित्रपट भारतात आला. जपानीखेरीज इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा भाषांत. मराठीत नाही. आमच्या कातकरी वाडीवरचा एक विद्यार्थी त्या मालिकेचा परम भक्त. एक दिवस तास संपल्यावर तो टेबलाशी घुटमळला. "मॅडम, त्यातला हिरो कोळसेवाला आहे." मी म्हटले, "असेल." तो म्हणाला, "तसं नाही मॅडम. तो डोंगरावरनं कोळसा विकायला उतरतो. आमच्यासारखा." ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबल्या, त्यातल्या मुलाला कोळसेवाला नायक प्रथम भेटला तो जपानी गोष्टीत, हिंदी भाषेत! मराठीचा पदवी अभ्यासक्रम तो तीन वर्षे मनापासून शिकला. त्यात त्याला तो भेटला नव्हता.

त्याला मी विचारले, तुझ्या आजीच्या गोष्टीत कोण असते? तो लाजला. मग एका वाघाशी लग्न लागलेल्या मुलीची गोष्ट त्याने अर्धी सांगितली. घोंगडीखालून नवऱ्याची शेपटी दिसते तिथवर. पुढचे त्याला येत नव्हते, आणि आजी वीटभट्टीवर गेलेली होती. तेव्हापासून आमच्या वर्गात दर शुक्रवारी एक दोनशे पानी वही फिरते. ज्याने त्याने आपल्या घरच्या बोलीत, कातकरी, ठाकरी, आगरी, जशी असेल तशी, एक गोष्ट उतरवायची. शुद्धलेखनाचे गुण नाहीत. जून उजाडला, आजी परतली, तिने पुढची गोष्ट सांगितली, पण आरंभच निराळा! नातू म्हणाला, "आजी, तेव्हा तर तू वेगळी सांगितली होतीस." आजी म्हणाली, "तेव्हा ती तशी होती." कथनशास्त्रावर मी वाचलेल्या ग्रंथांत इतके नेमके वाक्य मला आढळलेले नाही. वहीत आज सात गोष्टी अर्ध्या आहेत. त्यांतल्या दोन गोष्टी सांगणाऱ्या बाया आता या जगात नाहीत.

म्हणून, वाचकहो, घरातली मुले जपानी चित्रे पाहत असतील तर रागावू नका. एकदा शेजारी बसून पाहा, आणि त्यातले काय आवडले ते विचारा. ती तुम्हांला भाषणच देतील. मात्र त्याच संध्याकाळी घरातल्या सर्वांत वडील माणसालाही एक गोष्ट विचारा, आणि ती कोणत्या भाषेत सांगितली जाते तिकडे लक्ष ठेवा. आमची वही या दिवाळीच्या सुट्टीत कपाटात राहणार नाही. ती दोन विद्यार्थ्यांबरोबर वाडीवर जाणार आहे. भट्टीवाल्यांची उचल घेतलेली आहे. भाऊबीज झाली की ट्रक येतात.